साराभाईंसाठी वर्गणी?

मंडळी, सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी मला तिसरी भाषा म्हणून होती, आणि 'ष' पोटफोड्या का असतो हे मला अजून नीट कळलेलं नाही. संपादक मंडळातल्या मैत्रिणीने ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिलंय. तरी काही राहिलं असेल तर दोष तिचा, मुद्दे मात्र माझे!

तर गोष्ट दिवाळीच्या सुट्टीनंतरची. मी राहते मुलुंडला, पण लायब्ररीच्या नावाखाली रात्री आठ-साडेआठपर्यंत लेडीज होस्टेलच्या कॉमन रूममध्ये पडीक असते, हे रेक्टर मॅडमना माहीत आहेच. अंधेरीहून घाटकोपरची मेट्रो आणि पुढे लोकल गाठायची असते म्हणून नाइलाजाने उठते, एवढंच.

२५ ऑक्टोबर २०२५ ला सतीश शाह गेले. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते, घरात फराळाचे डबे अजून भरलेले होते. बातमी आली तेव्हा बाबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि बराच वेळ परत उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्काराच्या वेळचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. 'साराभाई व्हर्सेस साराभाई'च्या टीमने आपल्या इंद्रवदनला निरोप देताना मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं होतं. सुट्टीनंतर कॉमन रूममध्ये त्याच्यावरच बोलणं चाललं होतं.

कुणीतरी म्हणालं, "यार, तिसरा सीझन यायलाच पाहिजे. त्यांच्यासाठी."

दुसरी म्हणाली, "चॅनेलवाले कशाला पैसे घालतील? फॅन्सनीच काढायचे. शंभर-शंभर."

लगेच कॅल्क्युलेटर निघाला. एक लाख फॅन्स गुणिले शंभर बरोबर एक कोटी. इंजिनिअरिंगच्या मुलींना गुणाकार जमला की प्रोजेक्ट पूर्ण झाल्यासारखंच वाटतं! पुढच्या दहा मिनिटांत आम्ही वाटसुद्धा बघायला लागलो. रोसेशची नवी कविता कशावर असेल? माया साराभाई मेट्रोने प्रवास करेल का? मोनिशा क्विक डिलिव्हरीवाल्याशी घासाघीस करेल का? मी तर जाहीर करून टाकलं, "मी पाचशे देणार."

घाटकोपरला मेट्रोतून उतरेपर्यंत मी खूश होते. पूल चढताना मात्र काहीतरी आठवलं आणि जरा लाज वाटली. ते शेवटी सांगते.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही (असे कोणी असतील तर त्यांनी आधी पाहून यावं, लेख कुठे पळत नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात. १ नोव्हेंबर २००४ ला स्टार वन वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. लेखक आतिश कपाडिया, निर्माते जे. डी. मजेठिया, दिग्दर्शक देवेन भोजानी. कफ परेडचं एक श्रीमंत गुजराती घर. सासू माया म्हणजे रत्ना पाठक शाह, आणि तिच्या डोळ्यांसमोर सतत मिडलक्लासपणा करणारी सून मोनिशा म्हणजे रुपाली गांगुली. मधे सापडलेला नवरा साहिल म्हणजे आपल्या मराठी रंगभूमीवरचा सुमीत राघवन. आगीत तेल ओतणारा सासरा इंद्रवदन म्हणजे सतीश शाह. धाकटा रोसेश, म्हणजे राजेश कुमार, कविता करतो, आणि जावई दुष्यंत यंत्र दिसलं की त्याचं कार्य समजावत सुटतो. (आमच्या वर्गात असे किमान चार दुष्यंत आहेत.)

मोनिशा कागदोपत्री नोएडाची, पण आमच्या सोसायटीत तिला सगळ्यांनी मुलुंडची करून टाकलं होतं. प्लास्टिकच्या पिशव्या घडी घालून गादीखाली ठेवणारी, सेल लागला की डोळे चमकणारी. शेजारच्या गुजराती काकी आणि माझी आई, दोघींचं एकच म्हणणं, की ही आपल्यातली आहे. आणि मी कॉन्व्हेंटमध्ये असल्यामुळे जेवताना एक इंग्लिश वाक्य जास्त बोलले की आई म्हणायची, "आली मोठी माया साराभाई!" म्हणजे मालिका बंद झाली तरी आमच्या घरात ती चालूच होती.

आता मुद्द्याची गोष्ट. मी जन्मले २००५ मध्ये, म्हणजे मालिका आधीच सुरू झालेली. एप्रिल २००६ मध्ये ती संपली तेव्हा मी रांगत होते. मग ती बंद का झाली? टीआरपी नव्हता! आज जिला सगळे क्लासिक म्हणतात ती मालिका चालू होती तेव्हा पुरेशा लोकांनी पाहिलीच नाही. त्या वेळी बहुतेक घरांत सासू-सुनांच्या रडक्या मालिका चालायच्या. पुढे २०११ मध्ये स्टार वन वाहिनीच बंद झाली. साराभाईंचे बहुतेक फॅन्स, माझ्यासकट, नंतर तयार झाले. पुनःप्रक्षेपण बघून आणि इंटरनेटवर एकेक भाग शोधून.

या नंतरच्या फॅन्सची हाक इतकी मोठी झाली की मालिका खरंच परत आली. १६ मे २०१७, हॉटस्टारवर, 'टेक २', दहा भाग. मी तेव्हा बारा वर्षांची. बाबांनी ऑफिसमधून येताना फोन टीव्हीला जोडायची केबल विकत आणली होती. आठवडाभर घरात एखाद्या लग्नासारखी तयारी. पहिला भाग संपला आणि खोलीत शांतता. आई म्हणाली, "ठीक आहे." बाबा काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या भागानंतर म्हणाले, "मायाचा आवाज तसाच आहे ना? मग झालं." दहाही भाग त्यांनी पाहिले, पण दुसऱ्यांदा कधी लावले नाहीत. जुने भाग आजही लावतात. मला वाटतं त्यांना मालिका परत नको होती, मुलुंडच्या वन रूम किचनमधली २००५ सालची संध्याकाळ परत हवी होती. ती कुठलीही वाहिनी देऊ शकत नाही, आणि एक कोटी वर्गणी जमवूनही मिळत नाही.

म्हणजे वर्गणी काढून मालिका परत आणणं अशक्य आहे का? मुळीच नाही. अमेरिकेत हे झालंय. 'मिस्ट्री सायन्स थिएटर ३०००' नावाची एक विचित्र विनोदी मालिका १९८८ मध्ये मिनिआपोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर सुरू झाली. अंतराळयानात अडकलेला एक माणूस आणि दोन रोबो अत्यंत टुकार सिनेमे बघतात आणि बघता बघता कॉमेंट्री करतात, एवढंच. आपल्या होस्टेलमध्ये हे रोज रात्री फुकट चालतं! १९९९ मध्ये ती बंद पडली. २०१५ मध्ये मूळ निर्माता जोएल हॉजसन याने किकस्टार्टरवर फॅन्सना हाक दिली, तर ४८ हजारांहून जास्त लोकांनी ५७ लाख डॉलर्सच्या वर रक्कम जमवली. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर नवे भाग आले. योगायोग बघा, साराभाईही त्याच वर्षी परतले. २०२१ मध्ये पुन्हा वर्गणी मागितली, पुन्हा भरघोस मिळाली. २०२३ मध्ये मात्र मागितली तेवढी जमली नाही.

यातून मी दोन गोष्टी शिकले.

पहिली. तिथे ते जमलं कारण ती मालिका एका कल्पनेवर उभी होती. त्यातला मुख्य माणूस १९९३ मध्येच एकदा बदलला होता, म्हणून २०१७ मध्ये पुन्हा नवा चेहरा आला तरी चाललं. साराभाई तशी नाही, ती माणसांवर उभी आहे. मायाने नाक मुरडल्यावर सोफ्यावरून जो खट्याळ चेहरा वर यायचा तो आता नाही. १९८४ च्या 'ये जो है जिंदगी'मध्ये हाच माणूस दर भागात नवा वेश घेऊन यायचा, असं बाबा सांगतात. ती जागा कुणाला द्यायची? कॉमन रूममध्ये हा प्रश्न आला तेव्हा पाच जणींनी पाच नावं घेतली आणि भांडण झालं.

दुसरी गोष्ट त्या भांडणातूनच कळली. वर्गणी दिली की माणूस मालक होतो. आपल्याकडे हे काय सांगायला हवं? गणपतीत एक्कावन्न रुपये देणारे काका मंडपाची कमान कुठल्या रंगाची हवी ते सांगतात. एकीला रोसेशचं लग्न हवं, दुसरीला नको, तिसरीला माया आणि मोनिशाची दिलजमाई हवी (मग विनोद कशावर करायचा, बाई?). आतिश कपाडियांनी २००४ मध्ये आपल्याला विचारून लिहिलं नव्हतं, म्हणून ते चांगलं झालं. ज्याची वाट बघत नव्हतो ते समोर आलं, म्हणूनच तर हसू आलं.

आता ती लाजेची गोष्ट.

गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या चार सीनिअर्सनी एक विनोदी एकांकिका लिहिली होती. मेसच्या भाजीत पनीरचा एक तुकडा सापडतो, आणि त्याची मालकी ठरवायला चौकशी समिती बसते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरायचं होतं. सेट, टेम्पो, लाइट्सचं भाडं, सगळं धरून अठरा हजारांचा खर्च. जिमखान्याने त्यांच्या परीने दिले, बाकीच्यासाठी त्यांनी बिस्किटाच्या डब्याला भोक पाडून तो होस्टेलच्या जिन्यात ठेवला. मी त्या डब्यावरून महिनाभर रोज गेले. एकदा त्यांच्यातल्या एकाने थेट विचारलं तेव्हा मी म्हटलं, "सुट्टे नाहीत रे, नंतर देते." त्याच संध्याकाळी दीडशेची कोल्ड कॉफी प्यायले होते.

पैसे जमले नाहीत. नाव मागे घेतलं. मग परीक्षेच्या आधी त्यांनी एका रात्री मेसमधली टेबलं बाजूला सारून तो प्रयोग आमच्यासाठी केला, ट्यूबलाइटच्या उजेडात. त्या रात्री मी जेवढी हसले तेवढी आयुष्यात क्वचितच हसले असेन. आचारीकाकासुद्धा कट्ट्यावर बसून डोळे पुसत होते. पूर्ण रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही. एक चाळीस सेकंदांची क्लिप आहे, त्यातही अर्ध्या फ्रेममध्ये कुणाचं तरी डोकं!

आज होस्टेलच्या ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी लिहितं, "ती पनीरवाली परत करा ना, आम्ही काँट्री काढतो." आता एक जण हिंजवडीत आहे, एक बेंगळुरूला, एक जर्मनीत आणि एक सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतोय. त्यांना एकत्र आणायच्या तिकिटांचा खर्चच अठरा हजारांच्या कितीतरी वर जाईल. तेव्हा शंभर रुपयांत जे स्पर्धेला गेलं असतं, ते आता हजारांतही होणार नाही. कफ परेडच्या साराभाईंचं जे झालं तेच आपल्या जिन्यातही झालं. चालू होतं तेव्हा पाहिलं नाही, बंद पडल्यावर फॅन झालो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. वर्गणी जरूर काढा, पण गेलेलं परत आणण्यासाठी नको. जे अजून झालेलं नाही त्याच्यासाठी काढा. १९७६ च्या 'मंथन'ची गोष्ट आठवा. श्याम बेनेगल यांचा सिनेमा, पटकथेत आपले विजय तेंडुलकर, आणि पैसे गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांचे, प्रत्येकी दोन रुपये. सिनेमा कसा होईल हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. त्यांनी आठवणीसाठी पैसे दिले नाहीत, पुढच्या गोष्टीसाठी दिले. आणि गणपतीचंच घ्या ना. दर वर्षी "लवकर या" म्हणतो, दर वर्षी वर्गणी काढतो, पण मूर्ती दर वर्षी नवी असते. गेल्या वर्षीचीच मूर्ती पाण्यातून काढून आणा असं कुणी म्हणत नाही.

साराभाईंचा तिसरा सीझन आला तर मी पहिल्या दिवशी, बाबांच्या शेजारी बसून, केबल जोडून पाहणार. त्यात शंका नाही. पण माझे पाचशे आता दुसरीकडे गेलेत.

या वर्षी सेकंड इयरची मुलं नवी एकांकिका लिहितायत. मी पहिला ड्राफ्ट ऐकला. खरं सांगू? पहिली दहा मिनिटं बोअर आहे आणि वायवाच्या प्रसंगाला हसू आलं. पडेल कदाचित, कदाचित नाही. डबा या वेळी वॉटर कूलरच्या शेजारी ठेवलाय. त्याच्यावर क्यूआर कोडही चिकटवलाय, त्यामुळे "सुट्टे नाहीत" हे चालणार नाही.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी