डोळ्यातली चिप कोणाच्या भरवशावर?

दोस्तांनो, ‘चिपमुळे अंध वाचू लागले’ असा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी थोडं थांबा. बातमी खरी आहे, पण अर्धी.

उतारवयात काहींच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, खराब होत जातो. कडेचं दिसत राहतं. समोरचा चेहरा आणि ओळीतलं अक्षर मात्र जातं. पूर्ण काळोख होत नाही, म्हणून घरच्यांना ते पटतही नाही. रोज तिलावत करणाऱ्या दादीच्या ओठांवर पाठ असलेलं येतं, पण मुसहफचं पान दिसत नाही. तिची ही तडफड आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो.

या आजाराच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांवर युरोपातल्या पाच देशांत ‘प्रिमा’ चिपची चाचणी झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचे निकाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. दोन मिलिमीटरची चौकोनी चिप पडद्याखाली बसवतात. चष्म्यावरचा कॅमेरा समोरचं चित्र टिपतो, चष्मा ते अवरक्त प्रकाशाने चिपवर टाकतो, चिप त्या प्रकाशाची वीज करून पडद्यातल्या शाबूत पेशींना देते. ३८ जणांना ती बसवली. वर्षभराने तपासलेल्या ३२ पैकी २६ जणांना तक्त्यावरची अक्षरं बरीच जास्त वाचता आली. ज्या आजारात गेलेली नजर परत येतच नव्हती, तिथे हे मोठंच यश. पण दिसतं ते कृष्णधवल, त्यासाठी काही महिने सराव लागतो, आणि नातवाचा चेहरा ओळखण्याइतकं ते स्पष्ट नसतं.

मला जास्त खटकतं ते पुढचं. ‘आर्गस २’ हे पडद्याच्या दुसऱ्या एका आजारासाठीचं उपकरण जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांना बसवलं गेलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सेकंड साइट कंपनीने ते बनवणं थांबवलं. उपकरण डोळ्यातच राहिलं, दुरुस्तीला वाली उरला नाही. ‘प्रिमा’ घडवणारी फ्रेंच कंपनी पिक्सियमही आर्थिक संकटात सापडली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सायन्स कॉर्पोरेशनने ‘प्रिमा’ विकत घेतली. हे रुग्ण त्या मानाने नशीबवान.

शरीर ही अमानत, असं आपण मानतो. मग त्यात काही बसवणाऱ्याची जबाबदारी दिवाळं निघालं की संपते कशी? सुटे भाग आणि दुरुस्तीसाठीचा पैसा आधीच वेगळा ठेवल्याशिवाय अशा उपकरणाला परवानगी मिळू नये. तुमच्यात कायदा आणि बायोमेडिकल शिकणारे आहेत. अशी चिप भारतात यायच्या आधीच ही मागणी करायला हवी.

आणि दादीचं? ‘मोतीबिंदू असेल, पिकू दे’ म्हणत बसू नका. याच आजाराच्या ‘ओल्या’ प्रकारात डोळ्यात वेळेवर इंजेक्शनं दिली तर उरलेली नजर बऱ्याचदा राखता येते. कोरड्या प्रकारात भिंग, भरपूर उजेड आणि मोठ्या अक्षरांचा मुसहफ यांनी थोडंफार निभतं. तिला चष्मा लावून, एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघायला सांगा. सरळ कड वाकडी दिसली, तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरकडे न्या.