तिचं नाव शाळेत रोज घेतलं जातं

शाळेतलं एखादं मूल गेलं की पुढे काय होतं, हे शाळेत काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. परिपाठाला दोन मिनिटं मौन पाळतात. फळ्यावर रंगीत खडूने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितात. शाळा लवकर सुटते. गावच्या नाक्यावर फोटोचा फ्लेक्स लागतो. मग हजेरीपटातल्या नावावर लाल रेघ येते, पटसंख्या एकाने कमी होते आणि घटक चाचणीचं वेळापत्रक लागतं. यात कोणी दुष्ट नसतं, सगळ्यांनाच मनापासून वाईट वाटलेलं असतं. पण त्या मुलाच्या शेजारी रोज बसणाऱ्याने आता काय करायचं, कोणाशी बोलायचं, हे त्याला कोणी सांगत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. गेलेल्या मुलाचं स्मरण शाळेने दोन गोष्टींनी करावं. त्याचं नाव मोकळेपणाने घेत राहावं आणि ज्या कारणाने ते गेलं, त्या कारणाशी झगडावं. यातली एक गोष्ट जरी सुटली तरी हाती उरते ती नुसती रीत.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमची एक मुलगी आठवीत असताना ऐन पावसाळ्यात गेली. तिचं नाव छापून यावं असं तिच्या घरच्यांना वाटत नाही, म्हणून इथे लिहीत नाही. शाळेत मात्र ते रोज घेतलं जातं.

ती कशी होती ते सांगायला हवं, कारण श्रद्धांजलीच्या भाषेत सगळी मुलं एकसारखी होतात. गुणी, हसतमुख, मनमिळाऊ. आमची ही पोरगी मनमिळाऊ वगैरे नव्हती, चांगली भांडखोर होती. खो-खोत पंचांशी वाद घालायची. गणिताची वही अपुरी आणि विज्ञानाच्या तासाला प्रश्न मात्र दहा. शाळेचा टोल, म्हणजे व्हरांड्यात टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा, तो वाजवायचा मान तिने कोणालाही न विचारता स्वतःकडे घेतला होता. ओढ्याला पाणी आलं की पाचवीच्या लहानग्यांना साकवावरून एकेकाला हात धरून अलीकडे आणायची आणि शेवटचं पोर आल्याशिवाय टोल द्यायची नाही. त्यामुळे पावसाळ्यात आमची शाळा काही वेळा पाच-दहा मिनिटं उशिरा भरायची. मुख्याध्यापकांनाही त्याचं काही वाटत नसे.

ती गेली तेव्हा वर्गातल्या एका मुलीशी तिचा अबोला चालू होता. कारण काय, तर कंपासपेटी. ही दुसरी मुलगी नंतर शाळेत येऊन नुसती बसून राहायची. डबा तसाच परत न्यायची. घरच्यांना वाटलं भीती बसली असेल, अंगारा लावला. बऱ्याच दिवसांनी ती प्रयोगशाळेत माझ्यापाशी येऊन म्हणाली, “बाई, मी तिला म्हटलं होतं की तू मेलीस तरी बोलणार नाही.” तेरा वर्षांचं मूल हे वाक्य मनात धरून एकटं बसलं होतं. रागाच्या भरात आपण बोललो आणि म्हणून ती गेली, असं तिला खरोखर वाटत होतं. लहान मुलं मरणाचं कारण बहुतेक वेळा स्वतःत शोधतात. ते कारण बाहेर काढायला कोणीतरी मोठं माणूस शांतपणे ऐकत बसावं लागतं. मौनाच्या दोन मिनिटांत ते होत नाही.

मग आम्ही शिक्षकांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. हजेरीपटातल्या नावावर रेघ मारायची नाही, शेऱ्याच्या रकान्यात नोंद करायची. तिच्या जागेवर कोणी बसायचं हे वर्गशिक्षकांनी परस्पर ठरवायचं नाही, वर्गाला विचारायचं. मुलांनी आळीपाळीने बसायचं ठरवलं. टोलाच्या पाळ्याही लावल्या. एक दोनशेपानी वही वर्गात ठेवली आणि सांगितलं की तिच्याबद्दल जे आठवेल ते लिहा, चांगलंच लिहायला हवं असं नाही. मुलांनी लिहिलं. तिने कैऱ्या कशा पाडल्या ते लिहिलं, तिने चिमटा काढला तेही लिहिलं. कंपासपेटीवालीने आपली चार पानं लिहिली. आम्ही त्यातलं काही खोडलं नाही.

ती वही घेऊन आम्ही चारपाच जण तिच्या घरी गेलो. जाताना मनात धाकधूक होती. आई पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. पोरींनी वाचायला सुरुवात केली तशी ती ऐकत राहिली, चिमट्याच्या गोष्टीला चक्क हसली. निघताना म्हणाली, “बाई, वाडीत तिचा नाव कोन घेत नाय. मी दिसले की गप होतात. तुम्ही घेता ना, घेत जा.” दुःखाची आठवण नको म्हणून आपण ज्या घरासमोर जपून बोलतो, त्या घराला नेमकं काय हवं असतं ते मला त्या पडवीत समजलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक असतो. मुलांपुढे मरणाचा विषय कशाला, हळूहळू विसरतील. मी सांगते, ती विसरत नाहीत. ती फक्त आपल्यासमोर बोलायची थांबतात. आमच्या शाळेतल्या मुलांत एस.टी.च्या मागच्या सीटवर वेगळ्याच गोष्टी फिरत होत्या. तिला बाहेरची बाधा झाली, देवाचं काहीतरी राहिलं होतं, आईकडून हयगय झाली. मोठी माणसं गप्प बसली की त्या जागी अफवा येते. आणि अफवेला बहुधा कोणीतरी दोषी हवा असतो. आधीच होरपळलेल्या आईवर तो दोष जाऊन बसतो.

पण बोलायचं म्हणजे कसंही बोलायचं नाही, हेही तितकंच खरं. कोणाला रडायला लावायचं नाही, व्हिडिओ करायचा नाही, मुलांची दुःखं स्नेहसंमेलनाच्या मंचावर मांडायची नाहीत. एखाद्या मुलाने स्वतःचं आयुष्य संपवलं असेल, तर कसं केलं याचं वर्णन टाळायचं, त्या कृतीचा गौरव होईल असं काही करायचं नाही आणि मित्रांकडे दुप्पट लक्ष द्यायचं. शिक्षक काही समुपदेशक नसतो. जिथे आपलं पुरत नाही तिथे मदत मागावी. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन क्रमांक प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लिहिलेले असावेत.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येते. ती कशाने गेली?

तिच्या आईने सांगितलेली हकीकत अशी. लावणी उरकून सगळे दमून निजले होते, माजघरात जमिनीवर गोधड्या टाकून. पहाटे पोरगी पोटात दुखतं म्हणून उठली. ओवा दिला. थोड्या वेळाने म्हणाली, डोळे उघडत नाहीत. झोपेत आहे असं वाटलं. मग पाणी गिळेना. उजाडल्यावर धावपळ झाली, पण श्वास वाटेतच थांबला. अंगावर जखम नाही, सूज नाही. दंशाच्या खुणा इतक्या बारीक की आधी कोणाला दिसल्याच नाहीत.

ही मण्यारीची पद्धत आहे. नाग, घोणस आणि फुरसं यांच्या जोडीने आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांत ती येते. ती रात्री फिरते, घरात शिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाला अंथरुणात चावते. चावल्याचं दुखत नाही, म्हणून कित्येकांना जागही येत नाही. काही तासांनी पोटदुखी, मग जड झालेल्या पापण्या, गिळायला त्रास आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडणं. सर्पविषावरची लस लवकर मिळाली आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास देता आला, तर माणूस वाचतो. ही लस सरकारी दवाखान्यात मोफत असते. परळच्या हाफकिनमध्ये ती कित्येक दशकं बनत आली आहे. म्हणजे उपाय आपल्याच राज्यात तयार होतो. कमी पडते ती ओळख आणि वेळेवर पोचणं.

त्या आईला पापण्या जड होण्याचा अर्थ माहीत नव्हता. तो तिला कोणी सांगितला होता? पाठ्यपुस्तकात साप हा शेतकऱ्याचा मित्र असतो, आणि तो आहेच. पण पहाटे पोट दुखून पापण्या मिटू लागल्या तर थांबायचं नाही, हे वाक्य आमच्या मुलांच्या वहीत कुठेच नव्हतं. आता आहे. दर जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात विज्ञानाचा एक तास त्यासाठी राखलेला असतो. जमिनीवर निजायचं झालं तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचायच्या. रात्री बाहेर जाताना विजेरी. लाकडं आणि गवत घराच्या भिंतीला लागून रचायचं नाही. दंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करायचा. मुलं हे घरी जाऊन सांगतात. आजीला सांगताना त्यांना फार मोठं झाल्यासारखं वाटतं, आणि आजी ऐकतेही.

हा प्रश्न एका वाडीचा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली चतुर्थांशाहून अधिक १५ वर्षांखालची होती. म्हणजे ही शाळेत जायच्या वयाची मुलं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे असं त्यात उद्दिष्ट आहे. कागदावर सगळं योग्य आहे. पण त्या कागदापासून आमच्या माजघरापर्यंतची वाट शाळेवरून जाते, आणि शाळेला त्यात अजून फारसं काम दिलेलं नाही.

हे मरण नशिबात लिहिलेलं असतं, असं म्हणणाऱ्यांना मी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण देते. याच कोकणात विंचवाच्या दंशाने मुलं पटापट जायची. त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरून दाखवलं आणि तेव्हापासून ते मृत्यू झपाट्याने खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका तालुक्याच्या गावातला डॉक्टर एका मरणाला मागे हटवू शकतो, तर एका शाळेनेही आपल्या वाट्याचं काम करायला काय हरकत आहे?

नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळातल्या वायनाड जिल्ह्यात सुलतान बथेरी इथे पाचवीतल्या एका मुलीला भर वर्गात सर्पदंश झाला. वर्गाच्या भिंतीलगत भोक होतं. दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि ती गेली. तेव्हा तिच्या शाळेतल्या मुलामुलींनी गप्प न बसता जे पाहिलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, आणि राज्यभरातल्या शाळांच्या इमारतींकडे सरकारला बघावं लागलं. मैत्रिणीसाठी त्या मुलांनी जे केलं, त्याहून मोठी श्रद्धांजली मला माहीत नाही.

कारण प्रत्येक ठिकाणी वेगळं असेल. कुठे मूल विहिरीत बुडून गेलेलं असतं, कुठे शाळेसमोरच्या रस्त्यावर ट्रकखाली, कुठे वेळेत न ओळखलेल्या तापाने. तिथली शाळा पोहणं शिकवू शकते, विहिरीला कठडा मागू शकते, गतिरोधकासाठी पाठपुरावा करू शकते. शिक्षण विभागाने एवढं करावं, की शाळेतलं मूल गेल्यावर फक्त पटावरून नाव कमी करून न थांबता, ते का गेलं आणि शाळेने त्यावर काय केलं, याची नोंद वर्षभरात मागवावी. आणि सर्पदंशाचा तास कोकणातल्या, घाटमाथ्यावरच्या, प्रत्येक शेतीच्या गावातल्या शाळेत पावसाआधी व्हावा.

आमच्या गावापुरतं आम्ही ठरवलं आहे. १ मेच्या ग्रामसभेत नववी-दहावीची मुलं उभी राहतील आणि तिचं नाव घेऊन तीन प्रश्न विचारतील. आपल्या आरोग्य केंद्रात लस आहे का? कृत्रिम श्वास देण्याची सोय सगळ्यात जवळ कुठे आहे? आणि रात्री दोन वाजता आपल्या वाडीतून तिथे पोचायला किती वेळ लागतो? तुमच्याही गावात ग्रामसभा होणार आहे. तिथे हे प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.