बाळाआधी कागद



मागच्या अंकात कबूल केल्याप्रमाणे आज उन्हाळी वाळवणांविषयी लिहायचं होतं. पण टपालात एक पत्र आलं आणि कुरडया-पापड बाजूला ठेवावे लागले. त्या भगिनीला उत्तराची घाई आहे, आणि ज्यांची लेक-जावई परदेशी आहेत अशा इतरही कितीतरी जणींना ते उपयोगी पडेल.

पत्र सातारा जिल्ह्यातून आलंय. लेक ३८ वर्षांची, जावई ४२ वर्षांचे, दोघं अमेरिकेत. लग्नाला अकरा वर्षं झाली, सगळे उपचार करून झाले. आता त्यांना इथलं मूल दत्तक घ्यायचंय. भगिनी लिहितात, “ओळखीच्या एका दवाखान्यातल्या बाई म्हणतात, एक अविवाहित मुलगी बाळंत व्हायची आहे. तुमच्या लेकीला महिनाभर बोलावून घ्या, जन्माचा दाखला तिच्याच नावाने करून देऊ. संस्थेच्या रांगेत चार-चार वर्षं जातात म्हणे. काय करावं?”

ताई, यात पडू नका. तुमची तळमळ मला कळते, पण त्या बाई सांगतात तो गुन्हा आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात मुलाची खरेदी-विक्री करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. दवाखान्यातलंच कुणी त्यात असेल तर शिक्षा तीन ते सात वर्षांची. बरं, उद्या व्हिसाच्या वेळी अमेरिकेच्या कचेरीला शंका आली, तर ते रक्ताच्या नात्याची तपासणी मागतात. मग आई तिकडे आणि बाळ इकडे, अशी गत व्हायची.

रांगेत वर्षं जातात हे मात्र खरं. माझ्या भाचीला चार लागली.

ती आणि तिचा नवरा न्यू जर्सीत असतात. २०१९च्या सुरुवातीला त्यांनी तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत अर्ज केला. मग गृहभेटी सुरू झाल्या. समाजसेविका घरी आली, औषधांचं कपाट कुलपात असतं का, धुराची सूचना देणारी घंटा चालते का, हे तिने पाहिलं. तिथवर ठीक होतं. पुढे तिने दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, ‘लहानपणी तुम्हाला मार बसत असे का? भांडण झालं की तुम्ही अबोला धरता का?’ भाची फोनवर चिडून म्हणाली, “मावशी, पोटचं मूल होणाऱ्यांना कुणी असं विचारतं का गं?” विचारत नाहीत हे खरं. माझं मत मात्र असं की, विचारलं तर काही बिघडणार नाही!

बोटांचे ठसे झाले, पोलिसांचा दाखला झाला, पगाराचे कागद झाले आणि नाव यादीत लागलं. तोच करोना आला. मार्च २०२०मध्ये आपल्याकडे येणारी विमानं बंद झाली, कचेऱ्या मिटल्या. अमेरिकेतली मंजुरी १५ महिन्यांचीच असते, त्यामुळे ठसे पुन्हा, अर्ज पुन्हा. या काळात तिच्या सासरी दर सणाला कुणी ना कुणी विचारायचं, “काय झालं तुमच्या त्या मुलाचं?” जणू टपालात हरवलेलं पार्सलच!

२०२१च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या एका संस्थेतल्या मुलीची माहिती आली. एक फोटो, डॉक्टरांचा अहवाल आणि दोन पानांची हकीकत. मुलगी दीड वर्षाची. त्यांनी त्याच रात्री होकार कळवला. आता महिन्या-दोन महिन्यांत बाळ घरी, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पण पुढे अमेरिकेची संमती, मग दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं (ज्याला सगळे ‘कारा’ म्हणतात) ना-हरकत प्रमाणपत्र, मग न्यायालय. त्यातच १ सप्टेंबर २०२२पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचा असं ठरलं, आणि फाइल एका कचेरीतून दुसरीत गेली. आदेश, पासपोर्ट, व्हिसा सगळं हातात पडलं तेव्हा २०२३चा मे उजाडला होता. फोटोतलं दीड वर्षाचं बाळ तीन वर्षांचं होऊन मांडीवर आलं. तिचं पहिलं वाक्य, पहिली पावसाळी चप्पल, सगळं दुसऱ्यांनी पाहिलं. याचं दुःख भाचीला आजही आहे, आणि ते खोटं म्हणता येणार नाही. कचेऱ्यांनी हात जरा लवकर चालवला असता तर कुणाचं काय गेलं असतं?

पण ताई, कागद कशासाठी लागतात तेही ऐका. पूर्वी परदेशी दांपत्यं १८९०च्या पालकत्वाच्या कायद्याखाली इथून मूल घेऊन जात. तिकडे त्याचं पुढे काय झालं, हे पाहणारी नीट व्यवस्थाच नव्हती. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२मध्ये यातल्या गैरप्रकारांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं आणि १९८४मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी नियम घालून दिले. हेग इथे १९९३मध्ये झालेला करार भारताने २००३मध्ये स्वीकारला. म्हणूनच आज मूल परदेशी गेल्यावरही दोन वर्षं त्याची खबरबात इकडे येते, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहामाही.

आणखी एक गोष्ट. मूल सोडून देणाऱ्या आईला निर्णय फिरवायला ६० दिवस मिळतात. त्या दवाखान्यातल्या मुलीला हे कुणी सांगितलंय का? तिच्या कुशीतून बाळ उचलून विमानात बसवलं, तर ते ६० दिवस गेले कुठे?

आता तुमच्या लेकीपुरतं. पत्रात एक गोष्ट राहिलीय, जावई अमेरिकेचे नागरिक झालेत की नुसते ग्रीन कार्डावर आहेत? हे आधी विचारा, कारण तिथला हा अर्ज नागरिकालाच करता येतो. नवरा-बायकोच्या वयांची बेरीजही पाहतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी ती ८५च्या वर चालत नाही, दोन ते चारच्या मुलासाठी ९०च्या. तुमच्या दोघांची आज ८० होते, तेव्हा तान्हंच हवं असेल तर विचार करण्यात फार दिवस घालवू नका. नात्यातलं मूल घ्यावं असं कुणी सुचवेल. कायद्याने नातं म्हणजे काका-आत्या, मामा-मावशी, आजी-आजोबा एवढंच. चुलतबहिणीचं मूल त्यात बसत नाही. आणि सख्ख्या भावाचं असलं तरी परदेशी न्यायचं तर कागद चुकत नाहीत.

मधल्या काळात तुम्ही आजी म्हणून पुष्कळ करू शकता. शेजारी जात विचारतील, पत्रिका विचारतील. ती उत्तरं तुम्हीच देऊन टाका, लेकीपर्यंत पोचू देऊ नका. मूल ताब्यात मिळेल त्या दिवशी तिच्याबरोबर संस्थेत जा आणि सांभाळणाऱ्या ताईंजवळ तासभर बसा. काय खाते, कुठल्या कुशीवर झोपते, लाडाने काय म्हणतात, दिवा लागतो का, सगळं वहीत उतरवून घ्या. तिची रोजची चादर मागून घ्या आणि कितीही मळकी दिसली तरी धुऊ नका. त्या वासावरच नव्या घरात झोप लागते. भाचीची लेक दहा मुलांत झोपलेली. न्यू जर्सीत तिच्यासाठी रंगवलेल्या वेगळ्या खोलीत ती एक रात्रही राहिली नाही. शेवटी आईबाबांनीच जमिनीवर गाद्या घातल्या. पहिले तीन आठवडे मऊ भात आणि पातळ वरण याखेरीज तिने कशाला तोंड लावलं नाही. मराठी मात्र खणखणीत बोलायची, तिकडच्या डॉक्टरांशीसुद्धा!

दवाखान्यातल्या त्या बाईंना आजच नकार कळवा. आणि त्या मुलीपर्यंत एवढा निरोप पोचवा की १०९८ या नंबरावर फुकट फोन करता येतो, आणि बाळ ठेवायचं की सोडायचं हे तिला बालकल्याण समितीसमोर, कुणाच्याही दडपणाशिवाय ठरवता येतं.