आधी भिंत, मग काच

काचेच्या रंगीत टाइल्सचं मोझॅक करून बघावं असं सध्या बऱ्याच जणांच्या मनात असतं. कुणाला दारावर नावाची पाटी हवी असते, कुणाला बेसिनमागची कोरी भिंत खटकते, एखाद्या शाळेला फाटकाजवळ मोर काढायचा असतो. हौस चांगली आहे. चित्रकला न येणाऱ्यालाही ती जमते. पण बहुतेकांची सुरुवात रंग निवडण्यापासून होते. दुकानातून निळ्या-हिरव्या टाइल्स आणायच्या, घरात असेल त्या फळीवर, असेल त्या गोंदाने चिकटवायच्या आणि पहिल्याच पावसाळ्यात एकेक तुकडा खाली पडू लागला की काचेला बोल लावायचा.

काच क्वचितच दगा देते. इटलीतल्या राव्हेन्ना गावचं सान व्हिताले चर्च इसवी सन ५४७ च्या सुमाराचं. चुन्याच्या ओल्या गिलाव्यात बसवलेलं तिथलं काचेचं मोझॅक आजही झळकतं आहे. चांगल्या काचेचा रंग काचेच्या अंगातच असतो, तो उन्हाने विटत नाही आणि पाण्याने धुपत नाही. काम टिकणार की नाही, हे काचेच्या मागे ठरतं: ती कशावर बसवली आणि कशाने बसवली. म्हणून माझी विनंती एवढीच की क्रम उलटा करा. आधी जागा ठरवा, मग पाया, मग चिकटवणी. काच सर्वांत शेवटी.

जागा आणि पाया

जागेला तीन प्रश्न विचारा. इथे पाणी लागणार का? ऊन लागणार का? पाय पडणार का? पाय पडणार असतील तर पहिल्या कामासाठी ती जागा सोडून द्या. ओली काच निसरडी होते, वाळूच्या कणांनी तिच्यावर ओरखडे उठतात आणि एखादा तुकडा निघाला तर तळव्यात जातो. भिंत, पाटी, टेबलाचा कोपरा, कुंडी ही नवशिक्याची जागा.

घरातल्या कोरड्या भिंतीवर टांगायच्या कामाला प्लायवुड चालतं. बाहेरच्या कामाला लाकूड नकोच. आपल्याकडचे पावसाचे चार महिने, त्यातही कोकणातले, लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं आणि दिवाळीनंतर आकसतं. काच ओलीने फुगत नाही. या ओढाताणीत मधली चिकटवणी फाटते. एमडीएफ तर पाणी लागलं की काठांनी फुलून येतं. बाहेरच्या पाटीसाठी फायबर सिमेंट बोर्ड घ्या, नाहीतर फरशीवाल्याकडे शहाबादी फरशीचा उरलेला तुकडा मागा. कडप्पा वापरणार असाल तर त्याची खडबडीत बाजू वर ठेवा; पॉलिशच्या बाजूवर काही धरत नाही.

थेट भिंतीवर करायचं असेल तर आधी भिंत वाजवून बघा. बोटाच्या पेराने ठोकल्यावर जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा सुटलेला असतो. तो काढून नव्याने करावा लागेल. डिस्टेंपर, ऑइलपेंट, चुना सगळं खरवडून सिमेंटपर्यंत जा. रंगावर चिकटवलेली काच भिंतीला धरलेली नसते, ती रंगाला धरलेली असते, आणि रंगाचा पापुद्रा सुटला की त्याच्याबरोबर खाली येते. गिलावा नवा असेल तर पाणी मारून झाल्यावर तो वाळू द्या. महिनाभर तरी घाई करू नका. भिंतीला ओल येत असेल तर आधी ओलीचा बंदोबस्त करा.

वजनाचाही हिशेब करा. ४ मिलिमीटर जाडीची काच एका चौरस मीटरला सुमारे १० किलो भरते. चिकटवणी आणि ग्राउट, म्हणजे फटी भरायचा माल, धरून आकडा पंधराच्या आसपास जातो. टांगायचा खिळा त्या मानाने निवडा.

चिकटवणी

सुतारकामाचा पांढरा गोंद घरात असतो म्हणून तोच वापरला जातो. त्यातलं पाणी उडून गेलं की तो वाळतो. काच पाणी आरपार जाऊ देत नाही, त्यामुळे मोठ्या तुकड्यामागचा गोंद कित्येक दिवस ओला राहतो. वाळल्यावरही साधा गोंद पुन्हा ओल लागली की मऊ पडतो आणि पांढरा होतो. घरातल्या फोटोफ्रेमला तो पुरेल. बाथरूम, ओटा, अंगण यांना नाही.

पाणी लागणाऱ्या जागेसाठी मिस्त्री ज्याला नुसतं ‘केमिकल’ म्हणतात ते सिमेंटचं टाइल अ‍ॅडहेसिव्ह घ्या. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, त्यामुळे काचेच्या मागे कोंडलं गेलं तरी आपलं काम करतं. दुकानदाराला दोन गोष्टी स्पष्ट सांगा: काचेच्या टाइलला चालणारं हवं, आणि पांढरं हवं. गोणीवर काचेचा उल्लेख आहे का ते स्वतः वाचा, कारण सिरॅमिकसाठीचं साधं अ‍ॅडहेसिव्ह काचेची गुळगुळीत पाठ नीट धरत नाही. पांढरं अशासाठी की अर्धपारदर्शक काचेतून मागचा करडा रंग दिसतो आणि पिवळी टाइल मळकी वाटू लागते.

आरसे वापरणार असाल तर आणखी एक सावधगिरी. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन आरशामागचा मुलामा खातं आणि काही महिन्यांत काळे डाग उमटतात. आरशासाठी ‘न्यूट्रल’ लिहिलेलं सिलिकॉन मागा. उदयपूरच्या मोर चौकातले काचेचे मोर बघून अंगणात आरसेकाम करावंसं वाटेल, पण पावसाची झड जिथे येते तिथे आरसा लावू नका.

काच कोणती?

नवशिक्यासाठी सर्वांत सोयीची म्हणजे २० बाय २० मिलिमीटरची, ४ मिलिमीटर जाडीची मोझॅक टाइल. तिच्या पाठीवर खाचा असतात, त्यात चिकटवणी शिरून पकड येते. अशा टाइल्स सुमारे एक फुटाच्या शीटमध्ये मिळतात. शीटच्या दर्शनी बाजूला कागद असेल तर कोमट पाण्यात बुडवून ठेवा, टाइल्स सुट्या होतात. मोठ्या टाइल दुकानात बाथरूमच्या कामातून उरलेली एखाद-दुसरी शीट पडून असते. ती आवर्जून विचारा.

रंगीत काचेचे पत्रे घेतले तर आकार मोकळेपणाने कापता येतात, पण त्याला काचकटरचा सराव लागतो. फुटलेल्या बांगड्या वक्र असतात, बारीक रेघांना छान दिसतात. व्हेनिसकडची ‘स्माल्टी’ ही जाड अपारदर्शक काच महाग असते, शिकण्यासाठी ती नको. आणि टफन्ड काचेला हात लावू नका; ती कापता येत नाही, कटर लागताच तिचा चुरा होतो.

कापणं

हत्यार एकच लागतं: दोन चाकांची मोझॅक पक्कड. टाइल डाव्या हाताच्या चिमटीत धरा. पक्कड टाइलभर आत सरकवू नका. चाकं काठापासून तीन-चार मिलिमीटरच आत ठेवा. चाकांची रेघ ज्या दिशेने, भेग त्या दिशेने जाते. आता जोर न लावता मूठ दाबा. बारीक ‘कट्’ आवाज येतो आणि टाइलचे दोन तुकडे होतात. चाकं एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे रोखली की त्रिकोण पडतो. गोल हवा असेल तर चारही कोपरे उडवा, मग काठ थोडा थोडा कुरतडा आणि शेवटी ओल्या धारदगडावर घासा. चुरा जास्त पडू लागला तर चाकांची धार गेली आहे. स्क्रू सैल करून चाक थोडं फिरवा, नवी धार मिळते.

डोळ्यांना चष्मा हवाच, आणि तो सुरक्षेचा. वाचायचा चष्मा बाजूने उघडा असतो. कापताना हात पारदर्शक पिशवीत ठेवा म्हणजे कपच्या खोलीभर उडत नाहीत. पायात चपला असू द्या. टेबलावरचा चुरा तळहाताने झटकू नका, ब्रशने गोळा करून ओल्या कागदाने पुसा. सिमेंट आणि ग्राउटची पूड कालवताना मास्क आणि हातमोजे घाला. पुडीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाते आणि सिमेंटचा क्षार कातडी खातो.

मांडणी

पहिलं काम म्हणून ३० बाय २० सेंटिमीटरची नावाची पाटी करा. २ मिलिमीटरच्या फटी धरून तिला अख्ख्या टाइल्स सव्वाशेच्या आसपास लागतात. कापण्यातली नासाडी धरून दीडशे-एकशे साठ आणा.

देवनागरी अक्षर मोझॅकला फार सोयीचं आहे, कारण शिरोरेषा म्हणजे तुकड्यांची एक सरळ ओळच. टाइलचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक १० मिलिमीटरचा होतो. अशा सात-आठ ओळींच्या उंचीत अक्षर स्पष्ट वाचता येतं, म्हणजे सुमारे ८ सेंटिमीटर. वेलांटी, मात्रा, उकार यांना वर-खाली जागा सोडा. ‘पवार’ तीस सेंटिमीटरात आरामात बसेल. जोडाक्षरांचं लांब आडनाव असेल तर पाटी मोठी घ्या, अक्षर बारीक करू नका.

पेन्सिलने अक्षर काढा. सगळे तुकडे आधी कोरडेच मांडून बघा. मग काठाची ओळ अख्ख्या टाइल्सची लावा, कारण काठावरचा चिंचोळा तुकडा सर्वांत आधी निघतो. त्यानंतर अक्षरं, मग अक्षरांच्या कडेने वळण घेत जाणारी पार्श्वभूमीची एक ओळ, आणि शेवटी उरलेली जागा. ती एक ओळ वळणाने गेली की अक्षर उठून दिसतं. चिकटवणी फटीतून वर आली तर ओली असतानाच टूथपिकने खरवडा. ग्राउटला जागा राहिली पाहिजे.

मोठ्या भिंतीसाठी पद्धत बदला. टेबलावर फायबरच्या जाळीवर तुकडे चिकटवून एकेक फुटाचे भाग करा आणि नंतर भिंतीवर बसवा. दुसरा मार्ग खाकी कागदाचा. कागदाला मैद्याची खळ लावून तुकडे दर्शनी बाजूने, म्हणजे उपडे, चिकटवायचे. भिंतीवर बसल्यावर कागद ओला करून सोलायचा. काचेची पाठ पूर्ण मोकळी राहते, म्हणून पाण्यातल्या कामाला ही पद्धत चांगली. मात्र चित्र आरशातल्यासारखं उलटं काढावं लागतं, आणि अक्षरं असतील तर फार लक्ष द्यावं लागतं.

ग्राउट

चिकटवल्यावर निदान एक दिवस थांबा. नुसतं व्हाइट सिमेंट फटीत भरण्याची आपल्याकडे सवय आहे. ते आकसतं आणि केसासारख्या चिरा पडतात. तयार ग्राउट घ्या, बारीक फटींसाठी वाळू नसलेलं, म्हणजे काचेवर चरेही पडणार नाहीत. पाणी थोडं थोडं घालत श्रीखंडाइतकं घट्ट कालवा, दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा हलवा. रबराच्या पट्टीने तिरकं ओढत फटींत दाबा. जरा आवळलं की घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसा. नंतर काचेवर पांढुरकी साय येते, ती कोरड्या फडक्याने जाते. ती काढायला अ‍ॅसिड वापरू नका, ते ग्राउट खातं. पाटी दोन दिवस प्लास्टिकखाली ओलसर ठेवा. उरलेलं ग्राउट बेसिनमध्ये ओतू नका. ते पाइपात जाऊन घट्ट बसतं.

रंगाचं म्हणाल तर पांढऱ्या ग्राउटमध्ये काचेचे रंग फिके पडतात आणि करड्यात उठतात. आधी एका फुटक्या फरशीवर करून बघा.

शाळा आणि सोसायट्यांना

भिंत रंगवण्याऐवजी मोझॅक करायचा बेत असेल तर एक माणूस आधी शोधा: गच्चीवर चायना मोझॅक करणारा मिस्त्री. फुटक्या चिनी टाइल्स उतार सांभाळून बसवणं, फटी भरणं, पाणी मारणं हे तो वर्षानुवर्षं करत आला आहे. त्याला सल्लागार म्हणून बोलवा आणि दिवसाची पूर्ण मजुरी द्या. कापायचं काम मोठ्यांनी करावं, कडा घासून द्याव्यात, मुलांनी जाळीवर तुकडे लावावेत आणि भिंतीवर बसवायचं काम मिस्त्रीने करावं. अशा वाटणीत कुणाचं बोट कापत नाही आणि मोराला सगळ्यांचा हात लागतो.

हे सगळं पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात सुरू करा. हवा कोरडी असते आणि भिंतीही वाळलेल्या असतात. पण मोठी भिंत लगेच घेऊ नका. त्याच पायावर, त्याच चिकटवणीने केलेली एक पाटी बाहेर लावा आणि तिला एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा काढू द्या. पुढच्या ऑक्टोबरात तिच्यावर नखाने ठोकून बघा. एकही तुकडा पोकळ वाजला नाही, तर खुशाल भिंत मागा.