रक्ताचा दाखला

आमच्या वस्तीत सध्या एक कागद फिरतोय. नवरा ओ, बायको ओ, पोरगं ए. लॅबवाल्यानं छापून दिलं, नवऱ्यानं बायकोला पोरासकट बाहेर काढलं, आणि जातपंचायतीला शिव्या घालणारे आमचेच कार्यकर्ते गप्प. म्हणून लिहितो.

हे गट लँडस्टायनरनं १९०१ साली व्हिएन्नात मांडले. हिशेब साधा. पोराला आईकडून एक वाटा, बापाकडून एक. ए आणि बी उघड दिसतात, ओ त्यांच्यामागं दडतो. म्हणून आई ए, बाप बी असला तरी पोर ओ निघू शकतं. एबी बापाला मात्र ओ पोर व्हायचं नाही; त्याच्याकडं द्यायला ओच नाही.

आता नीट ऐका. हा हिशेब फार तर 'हा बाप नव्हे' एवढं बोलतो. 'हाच बाप' असं कधीच बोलत नाही. गट जुळणारे बाप्ये गल्लीभर सापडतील.

आणि ते 'नव्हे'सुद्धा डोळे झाकून घेऊ नका. १९५२ साली याच मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट जगापुढं आणला. ए आणि बी ज्या एचवर उभे राहतात, तो एचच या माणसांत नसतो. साध्या तपासणीत ती ओ दिसतात, पण आत ए किंवा बी दडलेला असू शकतो, आणि तो पोरात उघडा पडतो. भारतात दहा हजारांत साधारण एक. थोडेच आहेत. पण त्या एकीला रांड ठरवायचा हक्क कुणाच्या बापाचा? शिवाय तो बॉम्बेवाला खुद्द नवराही असेल! नळ्यांची अदलाबदल तर त्याहून सोपी.

सुप्रीम कोर्टानं १९९३ साली गौतम कुंडू खटल्यात बजावलं: उठसूट रक्ततपासणीचा हुकूम देता येणार नाही, आईवर बदफैलीचा, पोरावर अनौरसपणाचा शिक्का बसेल का ते आधी बघा.

मनूनं दहाव्या अध्यायात चांडाळाचे आईबाप न तपासताच लिहून ठेवले. ते पुस्तक बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळलं. ज्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच घरातून बाई बाहेर? गावोगाव पाटलांनी आमच्या आयाबहिणींच्या पदरात पोरं टाकली, तेव्हा कुठल्या पाटलाच्या दंडात सुई घुसली?

त्या नवऱ्याला सांगतो: आधी बायकोला घरात घे. मग तिघंही रक्तपेढीत जा, नवा नमुना द्या, ओ आलेल्या दोघांचं रक्त अँटी-एच टाकून बघायला लावा. तरी किडा वळवळला तर डीएनए आहे. आणि सोबत दोन कार्यकर्ते न्या. जे आज गप्प आहेत तेच.