ठाम मत म्हणजे बंद मन नव्हे



‘देव नाहीच, असे म्हणणाऱ्याचे मन मोकळे असूच शकत नाही’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. मत ठाम असणे वेगळे आणि ते तपासू न देणे वेगळे.

अभिनेते डॉ. श्रीराम लागू ‘परमेश्वराला रिटायर करा’ असे उघडपणे सांगत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची भूमिका निराळी होती. आपल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे, असे ते म्हणत. तरीही दोघे ‘विवेकजागराचा वादसंवाद’ या कार्यक्रमात एकाच व्यासपीठावरून हा मतभेद लोकांपुढे मांडत. बंद मनाची माणसे असे करतात का? २०१३ साली पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. तो संवाद गोळीने थांबवणारे नास्तिक नव्हते.

श्रीलंकेत विवेकवादी अब्राहम कोवूर यांनी फसवणुकीला वाव नसलेल्या अटींवर चमत्कार करून दाखवणाऱ्याला एक लाख रुपये देऊ केले होते. समितीचेही असे आव्हान आहे. आपले म्हणणे कशाने खोटे ठरेल, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले. वारकऱ्याचे म्हणणे ऐकून न घेताच त्याला हिणवणारे नास्तिकही आहेत, आणि त्यांच्यावरचा पत्रलेखकाचा राग रास्त आहे. पण असे हिणवणे हा त्या माणसांचा उद्धटपणा, नास्तिकतेचा गुण नव्हे.

पत्रलेखकांनी एवढेच कळवावे: कोणता पुरावा पाहिल्यावर ते स्वतःची श्रद्धा बदलतील?

— एक वाचक, सातारा