आवर्तसारणी व आपली चोपण जमीन

आवर्तसारणी मुलांकडून पाढ्यांप्रमाणें घोकून घेण्याची जी चाल सर्वत्र पडली आहे, ती सोडून द्यावी असें आमचें स्पष्ट मत आहे. हायड्रोजनापासून कॅल्शियमपर्यंत वीस नांवें एका दमांत म्हणणाऱ्या मुलास "सोडियमच्या खालीं पोटॅशियमच कां?" असें विचारावें, म्हणजे तो निरुत्तर होतो. ज्या कोष्टकाचें प्रत्येक घर कारणानें बांधलेलें आहे, तें कारणावांचून पाठ करण्यांत शिणाखेरीज कांहीं पदरांत पडत नाहीं.

मेंडेलीव्ह या रशियन पंडितानें १८६९ सालीं हें कोष्टक मांडलें, तेव्हां ६३ मूलद्रव्यें ठाऊक होतीं. त्यानें कांहीं घरें मुद्दाम रिकामीं ठेविलीं, आणि ॲल्युमिनियमखालच्या अज्ञात द्रव्यास 'एका-ॲल्युमिनियम' म्हटलें. हा 'एक' संस्कृतांतला, म्हणजे आपल्या घरचाच! १८७५ सालीं फ्रान्समध्यें गॅलियम सांपडलें व तें त्या घरांत जाऊन बसलें. त्याची रचना अणुभारावर होती. १९१३ सालीं मोस्ले या तरुण इंग्रजानें खरा क्रम अणुअंकाचा आहे असें दाखवून दिलें. आज ११८ मूलद्रव्यें १८ उभ्या गणांत व ७ आडव्या आवर्तांत मांडतात.

अणूच्या केंद्रकांत जितके प्रोटॉन, तितका अणुअंक. आणि तितकेच इलेक्ट्रॉन बाहेरच्या कक्षांत असतात. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे, तर पोटॅशियमचे १९ हे २, ८, ८, १ असे वांटलेले आहेत. शेवटच्या कक्षेंत दोहोंचाही एकच. रासायनिक देवघेव तेथेंच चालते, म्हणून दोहोंचा गण एक. कॅल्शियमच्या शेवटच्या कक्षेंत दोन असतात, म्हणून तें शेजारच्या गणांत.

आतां हाच धडा शिवारांत न्यावा. घोडेच्या काठचा शिरूर असो वा भीमेच्या काठचें दौंड, निचरा न पाहतां काळ्या जमिनींत उसास वर्षानुवर्षें कालव्याचें पाणी सोडलें, कीं ती बिघडूं लागते. तींत सोडियम सांचलें, म्हणजे तिला आपण चोपण म्हणतों. चिकणमातीचे कण ऋणभारित असतात. दोन इलेक्ट्रॉन देऊन बसलेल्या कॅल्शियमवर दोन धनभार असतात, त्यामुळें तें कणांस एकत्र धरून ठेवितें. सोडियमवर भार एकच, व त्याभोंवतीं पाण्याचें वेष्टण मोठें. त्याची पकड ढिली पडते, कण सुटे होतात, छिद्रें बुजतात आणि पाणी वरच तुंबतें. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यांतलें कॅल्शियम सोडियमची जागा घेतें, आणि सुटलेलें सोडियम पाण्याबरोबर चरांतून निघून जातें. चरच खणला नसेल तर पोत्यांचे पैसे पाण्यांत! जमिनींत चुनखडी भरपूर असल्यास गंधकही चालतें. मातींतले सूक्ष्म जंतु त्याचें आम्ल करितात व त्या आम्लानें चुनखडींतलें कॅल्शियम मोकळें होतें.

गण एक म्हणून गुण सर्वस्वीं एक, असें मात्र कोणीं समजूं नये. पोटॅशियम हें पिकाचें अन्न. पालाश म्हणून आपण तें विकत आणतों. त्याच गणांतल्या सोडियमनें शेत नासतें. असला भेद पाठांतरानें कसा कळावा?

आमची सूचना अशी कीं, परीक्षेंत सारणींतलीं चार-सहा घरें पुसून मुलांस द्यावीं, व तीं कारणें देऊन भरावयास सांगावें. आणि पालकांस विनंति ही कीं, माती परीक्षणाचा अहवाल घरीं आला असल्यास तो कपाटांत न ठेवितां मुलाच्या हातीं द्यावा. त्यांत सामू ८.५ हून अधिक दिसला, तर जिप्समचें पोतें आणण्यापूर्वीं तो कां वाढला व पाण्याला वाट कोठून द्यावयाची, हें त्याच्याकडून ऐकून घ्यावें.